डोंगेवालीचं नाव

घरावरचे कवेलू दरवर्षी उन्हाळा संपता संपता फेरावे लागतात, कारण माकडं वर्षभर त्यांच्यावर स्वतःच्या घरचं लग्न असल्यासारखी नाचतात, आणि खुशाल ते काम दरवर्षी आज करतो, उद्या करतो म्हणत आभाळ भरून येईपर्यंत लांबवतो. यंदा मोठी बहीण घरात होती म्हणून त्याची डाळ शिजली नाही. साधनानं त्याला सकाळीच छपरावर चढवलं आणि स्वतः खाली बसून फुटके कवेलू एका बाजूला, धड दुसऱ्या बाजूला लावू लागली.

साधनाचं नागभीडला शिवणकामाचं दुकान होतं. होळीच्या सुमाराला मायला लकवा मारला, तसं तिनं मशीनवर कापड झाकलं, नवऱ्याला डाळ-भाताचा धडा दिला आणि तलावाकाठच्या ह्या माहेरच्या घरी येऊन राहिली. ताराबाईचा हात पुष्कळसा परतला होता, काठी धरून अंगणापर्यंत जाता येत होतं, पण बोलणं गेलं ते गेलंच. जिभेला काही झालेलं नाही, बोलत राहा, येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण दारातूनच 'ताराबाई, ओ ताराबाई' असा ओरडायचा, जणू ती बहिरी झाली होती. ताराबाई मान वळवत नसे. 'माय' म्हटलं तरी नाही, 'आजी' म्हटलं तरी नाही. पुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर बसून ती समोरच्या तलावाकडे बघत राही, आणि बघता बघता मधूनच श्वास असा रोखून धरी की साधना हातातलं काम टाकून धावे. साधनाचं मागणं मोठं नव्हतं. भात करपला की माय ज्या वैतागलेल्या आवाजात 'साधने' म्हणायची, त्या आवाजात तिनं एकदा तरी तसं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"बाई, हे पाहा काय निंगालं," खुशाल वरून म्हणाला आणि आढ्याच्या कोपऱ्यातून ओढून काढलेलं एक गाठोडं त्यानं खाली सोडलं. बाहेरून जुन्या जाळ्याचा तुकडा, आतून युरियाच्या पोत्याचं प्लास्टिक. साधनानं गाठ सोडली आणि वरचं पुस्तक दिसताच कवेलूंच्या धुळीनं भरलेले तिचे हात तिथेच थांबले.

'डोंगेवाली'. निळ्या आणि काळ्या अशा दोनच रंगांत छापलेली, वहीपेक्षा लहान, चित्रांची पुस्तकं. त्यांचा बाप लटारू आठवडी बाजारात मासोळ्या विकून परतताना फुटाण्यांच्या पुडीबरोबर एखादं घेऊन यायचा. खोड कोरून केलेल्या डोंग्यात बसून एक पोरगी तलावातलावानं, नाल्यानाल्यानं जंगलात आत आत जाते, कोणाचं हरवलेलं जनावर शोधून आणते, कोणाचं हरवलेलं माणूस, आणि प्रत्येक भाग नेमका भलत्या ठिकाणी संपतो. तिचं तोंड कधीच दिसायचं नाही. चित्रात ती कायम पाठमोरी, डोक्यावर पळसाच्या पानांची टोपी. ती दिसायला कशी असेल यावरून बहीण-भावांची हाणामारी व्हायची आणि माय दोघांच्याही पाठीत धपाटा घालायची. पुढे नागभीडच्या शाळेत साधनानं मैत्रिणींना विचारून पाहिलं होतं. त्यांना बाकी सगळ्या चित्रकथा पाठ होत्या, डोंगेवालीचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. मग साधनानंही विचारणं सोडलं, आणि कुठल्याशा वर्षी ती पुस्तकं तिच्या मनातूनच गेली. एवढी जिवाभावाची गोष्ट माणूस विसरतो तरी कसा, याचं तिला आता वाईट वाटलं, अगदी अपराध्यासारखं.

दुपारी जेवणं झाल्यावर ती मायच्या बाजेशी बसली आणि पहिला भाग मोठ्यानं वाचू लागली. पूर्वीही ती असंच वाचायची, आणि माय, जिला अक्षराची ओळख नव्हती, चुलीपाशी जाळं विणत ऐकायची. आता वाचत होती ती खरं तर स्वतःसाठीच. डोंगेवाली नाल्याच्या तोंडाशी आली, काठावरचा म्हातारा म्हणाला, नको जाऊ, पाणी खोल आहे. साधनानं पान उलटण्यासाठी बोट ओलं केलं.

"खोल आहे, पन ओळखीचं आहे," ताराबाई म्हणाली.

पुढच्या पानावर तेच शब्द होते.

खुशालची बायको दिव्यानी आतून धावत आली, तिच्या हातातलं पीठ तसंच होतं. खुशालनं सायकल अंगणात टाकली. साधना रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि मग शेजारपाजारच्या पोरांना साखर वाटत सुटली. डॉक्टरांना फोन केला तर तेही खूश झाले. पाठ असलेली गाणी, ऐकलेल्या गोष्टी आधी परत येतात, म्हणाले, वाचत राहा.

साधना वाचत राहिली. रोज दुपारी तिनं वाचायचं आणि पान उलटायच्या आधी मायनं पुढचं बोलायचं, असा नेमच झाला. वाळवीनं खाल्लेल्या पानांवरचे शब्दही माय न अडखळता सांगायची. फक्त पुस्तक मिटलं की मायचं तोंडही मिटायचं. पाणी हवं का, दुखतं का, कशालाच उत्तर नाही, पुन्हा ती बाज, तो तलाव आणि तो मधूनच रोखलेला श्वास. गाठोड्यातले भाग संपत आले तशी साधना हळू वाचू लागली, एका चित्रावर रेंगाळू लागली, कोपऱ्यातली झाडंझुडपंही मायला दाखवू लागली. प्रत्येक पानाच्या कडेला पाण्यात एक बारकासा पक्षी काढलेला होता, एका चित्रात पक्षी, पुढच्या चित्रात नुसतं पाण्यावरचं वलय. लहानपणी ती त्याला नक्षी समजायची. पुस्तकं संपली की मायचा आवाजही संपणार, ही भीती तिला आता जेवतानाही सोडत नव्हती.

खुशालनं मुखपृष्ठाचा फोटो फोनवर इकडे तिकडे पाठवला, आणि एक दिवस ब्रह्मपुरीहून डोमाजी नावाच्या गृहस्थांचा फोन आला. जुन्या छापील कागदांचा त्यांना भारी नाद.

"बाई, ह्या डोंगेवालीले ओळखनारं मानूस मले आजवर भेटलंच नाई," ते साधनाला म्हणाले. "माह्यापाशी पुढचे भाग आहेत. आखरीचाबी आहे."

"कोनी काढले जी हे?"

"थे नाई माहीत. हात तं नाटकाचे पडदे रंगवनाऱ्याचा वाटते. छापखाना बंद झाला तव्हा रद्दीत पडले होते, मी उचलले. बाजारात गेलेच नाईत थे. पानंबी कापली नाईत, पाहा तुमी, जशेच्या तशे आहेत."

त्यांनी ते विकायला नकार दिला, पण वाचून परत करा म्हणून विश्वासानं दिले. खुशाल मोटरसायकलवर जाऊन घेऊन आला. खरंच, कडा कापलेल्याच नव्हत्या. पानं घडीतच चिकटलेली, आतली चित्रं छापल्या दिवसापासून अंधारात होती. साधनानं शिवणकामाची कात्री काढली, पहिली घडी धरली, आणि कात्री चालवायच्या आत मायनं आतलं वाक्य म्हटलं.

साधनाचा हात थांबला. मग तिनं कापलं. तेच वाक्य होतं.

ती खुशालला बोलली नाही. दिव्यानीलाही नाही. आनंदाच्या घरात अशी गोष्ट बोलून दाखवायची म्हणजे शिजल्या भातात खडा टाकायचा, असं तिला वाटलं. शिवाय मायचा आवाज रोज थोडा मोकळा होत होता, त्यात जुनी ठसक येत होती, आणि तो आवाज कुठून येतो हे विचारायची साधनाची छाती नव्हती. ती कापत राहिली, माय सांगत राहिली. भिंतीला पाठ लावून ऐकणारी दिव्यानी म्हणायची, सासूबाईची याददाश्त काय भारी आहे.

आखरीच्या भागात डोंगेवाली एका मोठ्या तलावावर येते. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात जिथून शेतांना पाणी सुटतं ते तुडूम बंद पडलेलं, खाली शेतं वाळलेली. ती कासोटा घालते, श्वास भरते आणि उडी घेते. तुडूम उघडतं, पाणी सुटतं, लोक नाचतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की ती वर आलेली नाही. सगळे पाळीवर उभे राहून हाका मारतात, डोंगेवाली, ओ डोंगेवाली. पाणी तसंच.

"ज्या नावानं खाली गेली, त्याच नावानं वर येईल," माय म्हणाली, आणि साधनानं शेवटची घडी कापली. ते शब्द तिथे होते. त्याखाली पानभर पाणी, डोंग्याच्या जागी पळसाच्या पानांची टोपी तेवढी तरंगणारी, आणि वर काठावरून निघालेला, बोलण्याचा एक मोठा गोल फुगा. फुग्यात अक्षर नव्हतं. छापायचं राहून गेलं असेल.

साधनानं मायकडे पाहिलं. पुढचं ती सांगेल म्हणून वाट पाहिली. ताराबाई गप्प होती. पण तलावाकडे बघत नव्हती, होळीनंतर पहिल्यांदा ती थेट साधनाकडे बघत होती, श्वास रोखून, आणि तिच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की साधनाला तिथे बसवेना.

ती उठून पाळीवर गेली. उन्हं उतरली होती, शिंगाड्याच्या वेलांपलीकडे पाणी मोकळं होतं. त्या पाण्यावर बापाचा डोंगा चालायचा. लटारूची एक रीत होती, त्याच्या बापाची, आज्याची. डोंग्यात पहिल्यांदा जो बसेल त्याच्या कानात तलावाच्या मधोमध एक नाव सांगायचं. ते त्याचं पाण्यावरचं नाव. पाण्यावर त्याच नावानं हाक मारायची, घरच्या नावानं कोणी बोलावलं तर ओ द्यायची नाही, कारण पाण्यानं घरचं नाव ऐकलं तर ते घरापर्यंत येतं. आणि पाण्यावरचं नाव घरात घ्यायचं नाही. डोंगा लहान, बाप एका वेळी एकालाच न्यायचा, म्हणून खुशालचं नाव साधनाला माहीत नव्हतं आणि तिचं खुशालला. तिचं नाव होतं टिटवी, सदा कलकल करते म्हणून. बाप गेला तेव्हापासून ते नाव कोणी उच्चारलेलं नव्हतं. रीत आणखी एक होती, पाण्यावर डोंगा रिकामा सोडायचा नाही, ओढून काठावर उपडा घालायचा.

माय पूर्वी बापाबरोबर जायची. साधना पोटात असताना ती तुडुमापाशी पाण्यात पडली, बऱ्याच वेळानं वर आली, भलतीकडेच, आणि त्यानंतर तिनं डोंग्यात पाय ठेवला नाही. म्हणजे मायलाही नाव होतं. सगळा गाव तीन-चार महिने 'ताराबाई, ताराबाई' करत होता, ती स्वतः 'माय, माय' करत होती, आणि पाण्यात असलेल्या माणसाला घरच्या नावानं हाका मारत होते सगळे. तिनं ओ द्यावी तरी कशी?

आणि ते नाव सांगणारा तर राहिला नव्हता.

शिंगाड्याच्या कडेला एक टिबुकली पोहत होती, मुठीएवढी, तपकिरी. तिनं डोकं खुपसलं आणि दिसेनाशी झाली. साधना तिथेच उभी राहिली, कारण तिला आठवलं. डोंग्यात बसलेलं असताना अशी टिबुकली बुडाली की बाप वल्हं अडवून धरायचा. बोलता बोलता गप्प व्हायचा, अर्ध्या वाक्यात. ती कुठे वर येते ते शोधत राहायचा, आणि दूर कुठेतरी भलत्याच जागी ते डोकं दिसलं की हसून एकच शब्द म्हणायचा, "आली." दर वेळी. साधनाला ते खुळचट वाटायचं. आज कळलं, तो पाखराची नाही, त्या नावाच्या माणसाची वाट बघायचा.

ती घरी आली तेव्हा माय तशीच बसलेली होती, पुस्तक मांडीवर, तेच पान उघडं. कडेच्या चित्रात नुसतं वलय होतं. घरात हे नाव घ्यायचं नसतं, हे साधनाला पक्कं ठाऊक होतं, लहानपणी तिनं त्यासाठी बापाची एक चापटही खाल्ली होती. पण एका बाजूला बापाची रीत आणि दुसऱ्या बाजूला माय, आणि तिला फार विचार करावा लागला नाही. ती मायसमोर उकिडवी बसली.

"टिबुकली," तिनं हाक मारली.

ताराबाईनं श्वास घेतला. असा लांब, घशात घरघरणारा श्वास की दिव्यानी आतून काय झालं म्हणून बाहेर आली. मग खोकली, तोंडावरून हात फिरवला आणि वैतागून म्हणाली,

"साधने, केवढ्या येळानं आवाज देल्ला व."

त्यानंतरच्या दिवसांबद्दल काय सांगावं. ताराबाई बोलू लागली आणि थांबेचना. भाजीत तिखट जास्त झालं, खुशालनं कवेलू तिरपे लावले, शेजारच्या चंदानं नेलेलं सूप परत केलं नाही, सगळ्याचा हिशेब तिनं घेतला. येणारा-जाणारा आता दारातून हळू आवाजात विचारायचा आणि तिच्या आवाजानं बिचकायचा. धानाची रोवणी झाली, शेतातल्या बांध्यांमधून पाणी उभं राहिलं, तलाव काठोकाठ भरला. तुडूमही पहिल्या झटक्यात उघडलं. माय काठीशिवाय पाळीपर्यंत जाऊन आली आणि परतल्यावर म्हणाली, जाळं आन व, हात शिवशिवून राह्यले. साधनाला इतकं हलकं वाटत होतं की ती कामं करताना गुणगुणायची, जे तिनं लग्नानंतर कधी केलं नव्हतं. नागभीडला नवऱ्याला तिनं कळवलं, परवा येते, मशीनला तेल देऊन ठेव.

निघायच्या आदल्या दुपारी खुशाल-दिव्यानी बांधीत गेले होते. छपरीत माय भिंतीला टेकून जाळ्याचे फाटलेले डोळे सांधत होती, आणि साधना डोमाजींचे भाग परत करण्यासाठी पुसून रचत होती. रचता रचता तिनं सहज एक उघडला.

नाल्याच्या तोंडाशी डोंगा होता. म्हातारा काठावर हात वर करून उभा होता. डोंग्यात कोणी नव्हतं.

तिनं दुसरा उघडला, मग गाठोड्यातले स्वतःचे, लहानपणी वाचून वाचून मऊ झालेले. जंगल होतं, तलाव होते, लोक तसेच बोलत होते, आणि प्रत्येक चित्रात डोंगा रिकामा होता, वल्हं आडवं ठेवलेलं, बसणाऱ्याला हाताशी यावं असं. पळसाच्या पानांची टोपी फळीवर काढून ठेवलेली. शेवटच्या भागाच्या शेवटच्या पानावर, जिथे आधी डोंगा नव्हताच, तो आता अगदी पानाच्या खालच्या कडेला, वाचणाऱ्याच्या गुडघ्यापाशी येऊन लागला होता. फुगा अजून कोराच होता.

साधनाला भीती वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं. बसणारी घरी आली आणि रिकामा डोंगा पाण्यावर राहिला, एवढंच तिच्या मनात आलं, कोणीतरी बघायला हवं.

तेवढ्यात तलावाच्या बाजूनं हाक आली.

"टिटवी."

आवाज ओळखीचा नव्हता आणि अनोळखीही नव्हता. ते नाव ठाऊक असलेलं माणूस ह्या जगात उरलेलं नाही, हे तिच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता, तिच्या तोंडून 'ओ' निघून गेली होती, लहानपणी जायची तशी, खणखणीत.

मायचा हात क्षणभर थांबला. मग तिनं जाळ्याचा पुढचा डोळा बोटांत धरला, दोरा ओढून घट्ट केला आणि मान वर न करता, शेजारी मीठ आणायला पाठवावं तसं म्हणाली,

"जाय, साधने. मीबी आयकलं तुह्यं नाव. मी आहे ना इथी, आवाज द्याले."